वंशावळीत नऊ पुरुष सापडले, पणजीचं नाव कुठे शोधू?

देवनदी | १४ जानेवारी २०२४

नमस्कार मंडळी,

दिवाळीपासून आमचा चुलतभाऊ कुणबी नोंदीच्या मागे होता. तहसीलला खेपा, गावच्या शाळेत खेपा, आणि अखेर नोंद मिळाली. अर्जाला वंशावळ जोडावी लागते, म्हणून त्याने ती व्यवस्थित मांडली आणि घरच्या ग्रुपवर टाकली. मूळ पुरुषापासून थेट माझ्या पुतण्यापर्यंत. सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. पण रात्री तो कागद पुन्हा उघडला तेव्हा लक्षात आलं, नऊ नावं आहेत आणि त्यात बाई एकही नाही. भावाचा दोष नाही, नमुनाच तसा आहे. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मला माझ्या पणजीचं नाव माहीत नाही.

माहिती आहे ती अशी. नाशिक जिल्ह्यातलं गाव. आजोबा नामदेव, जन्म अंदाजे १९१५ (दाखल्यावर अर्थातच १ जून). सतरा-अठराव्या वर्षी मुंबईला आले, लालबागच्या चाळीत राहिले, गिरणीत साच्यावर काम केलं, १९८७ साली गेले. त्यांचे वडील गोविंदा, गोविंदाचे वडील सावळा. पणजोबांची दोन लग्नं झाली होती. धाकटी सगळ्यांना माहीत आहे, भिंतीवर तिचा फोटो आहे, सातबाऱ्यावर नाव होतं. आजोबांना वाढवलं तिनेच. पण आजोबांची सख्खी आई ती थोरली, आणि घरात तिला आजतागायत फक्त ‘थोरली’च म्हणतात. आत्या ८४ वर्षांची आहे. ती सांगते, “थोरली मानमोडीत गेली. बाबाचं अंगावरचं दूध नुकतं सुटलं होतं.” नाव तिलाही माहीत नाही. आजोबांच्या तोंडून तिने ते कधी ऐकलं नाही.

ऑनलाइन ‘आपले अभिलेख’वर जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी पाहिल्या, आजोबांच्या शाळेचं जनरल रजिस्टर पाहिलं. सगळीकडे बापाचं नाव. आता कुठे बघू?

---

गावनमुना | १५ जानेवारी

ताई, मी एकतीस वर्षं तलाठी म्हणून नोकरी केली, त्या अनुभवावर लिहितो.

फेरफारात थोरल्या पणजी का सापडत नाहीत ते आधी समजून घ्या. आपल्याकडे हक्कनोंदणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली. जमीनधारक मयत झाला की वारसांची नोंद होते. म्हणजे बाईचं नाव कागदावर येतं ते ती विधवा होऊन मागे राहिली तर. तुमच्या धाकट्या पणजी मागे राहिल्या, म्हणून त्या सातबाऱ्यावर आल्या. थोरल्या पणजी नवऱ्याच्या आधी गेल्या, त्यांच्या नावावर जमीन नव्हती, त्यामुळे त्यांच्या जाण्याने कुठलाच फेरफार झाला नाही. मुलींची नावं वारस म्हणून नियमाने दिसू लागतात ती १९५६ च्या वारसा कायद्यानंतर, आणि तिथेही पुढच्याच पानावर बरेचदा हक्कसोड असते. अशा कितीतरी नोंदी मी माझ्या हाताने घातल्या आहेत. बहीण खाली मान घालून अंगठा द्यायची आणि निघून जायची.

तरीही पणजोबा मयत झाल्यावरचा फेरफार पुन्हा नीट वाचा. आजोबा त्या वेळी लहान असतील तर ‘नामदेव गोविंदा, अज्ञान, अ.पा.क. सावत्र आई अमुक’ असं लिहिलेलं असेल. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. ‘सावत्र’ हा एक शब्द सापडला तरी घरात सांगतात त्याला कागदाचा आधार मिळेल. ए.कु.मॅ. दिसलं तर ते ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’, तेव्हा बाकीचे भाऊ कागदावर नसले तरी घरात असतात.

खरी जागा वेगळी आहे. गाव नमुना नंबर १४, म्हणजे जन्ममृत्यूचं रजिस्टर. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. गावात कोण जन्मलं, कोण मेलं ते कोतवालाने सांगायचं आणि त्याची नोंद व्हायची. हल्ली कुणबी नोंदींसाठी हीच रजिस्टरं बाहेर काढली आहेत, तेव्हा तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये ती हाताशी असतील. अर्ज करा, गावाचं नाव आणि साल लिहा.

आणि साल तर तुमच्या आत्याबाईंनी सांगितलेलंच आहे. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा.

---

बोरू | १५ जानेवारी

गावनमुना काकांनी नेमकं सांगितलं. १९१८ च्या जूनमध्ये ती साथ मुंबई बंदरात आली आणि पावसाळ्यानंतर दुसऱ्यांदा उसळली तेव्हा खेड्यापाड्यांत पसरली. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. म्हणून मी सप्टेंबर ते डिसेंबर १९१८ ची पानं आधी बघेन.

रजिस्टर मोडी लिपीत असण्याची शक्यता मोठी आहे. मी मोडी वाचतो, हाच माझा छंद आणि आता बऱ्यापैकी व्यवसायही. जाण्याआधी काही शब्द डोक्यात ठेवा. ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’ आणि ‘भ्रतार’ बाईच्या नावापुढे येतात: ‘सखू कोम राणू’ म्हणजे राणूची बायको सखू. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि तिला अक्षरं लटकवत जातात, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. त्यामुळे नाव कुठे संपलं आणि आडनाव कुठे सुरू झालं हे नवख्याला कळत नाही. ह्रस्व-दीर्घ असा भेदही नाही.

तारखांचंही बघा. शक असेल तर ७८ मिळवा. मराठवाड्यातल्या निजामकाळच्या कागदांत फसली सन येतो, त्यात साधारण ५९० मिळवायचे. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन अरबी शब्दांत लिहितात, ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असा. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की १७६०-६१, पानिपताचं वर्ष. तुम्हाला एवढ्या मागे जायचं नाही, पण धागा वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.

पुण्याच्या पेशवे दफ्तराबद्दल इथे कुणीतरी विचारेलच, म्हणून आधीच सांगतो. तिथे कोट्यवधी कागद आहेत, पण ते सरकारी दप्तर आहे. घराणं वतनदार असेल, पाटीलकी-कुलकर्ण असेल, इनाम असेल, कुणाशी तंटा झाला असेल, तर नाव सापडतं. साध्या रयतेसाठी आधी तालुक्याचं दप्तर धुंडाळावं.

पानाचा फोटो मिळाला तर इथे टाका, वाचून देतो.

---

पंचगंगा | १६ जानेवारी

आमच्याकडे कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी येतात. पूर्वी बैलावर बसून, घंटा वाजवत यायचे; आता मोटरसायकलवर येतात, पाठीवर वह्यांची पिशवी. हेळवी म्हणजे कानडीत पांगळा. वर्षा-दोन वर्षांनी सुगीनंतर दारात उभे राहतात आणि तुमचं कूळ कुठून आलं, कुठल्या गावात किती पिढ्या राहिलं, भावकी कुठे फुटली, सगळं एका सुरात म्हणून दाखवतात. मग घरात नवं मूल झालं असेल तर त्याचं नाव घालून घेतात. बदल्यात धान्य, हल्ली पैसे.

मी लहान असताना आमच्या आजीने हेळव्याला अडवलं होतं. म्हणाली, “नातू घातलास, आता नातीचं नाव घाल.” तो म्हणाला, “पोरगी दुसऱ्याच्या वहीत जाते आई.” आजी उंबऱ्यातच बसली, पायली ज्वारी समोर ठेवली आणि म्हणाली, “ती जाईल तेव्हा जाईल. आज या घरात हाय.” त्याने माझं नाव लिहिलं. गेल्या साली तोच हेळवी म्हातारा होऊन आला होता. वही उघडून त्याने माझं नाव वाचून दाखवलं.

विदर्भ-खानदेशात हेच काम भाट करतात. तुमच्याकडे भाट येत होते का, आत्याबाईंना विचारा.

---

देवनदी | १६ जानेवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. पंचगंगा, तुमच्या आजींचा प्रसंग आत्याला फोनवर वाचून दाखवला. तिने दोनदा वाचायला लावला. भाट आल्याचं तिला आठवत नाही.

फेरफार पुन्हा काढला. काका, तुम्ही म्हणालात तसंच आहे. १९२६ साल, ‘नामदेव गोविंदा अज्ञान, अ.पा.क. सावत्र आई’ आणि पुढे धाकटीचं नाव. इतके दिवस हा कागद माझ्या फोनमध्ये होता आणि ‘अ.पा.क.’ हे मी आडनाव समजत होते.

---

भीमाकाठ | १८ जानेवारी

धागा मनापासून वाचतो आहे. माझी बाजू थोडी वेगळी आहे, ती मांडतो.

आम्ही पूर्वाश्रमीचे महार. आमच्या घरात वंशावळीचा शोध सुरू झाला तो हौसेने नव्हे. मुलीच्या प्रवेशाच्या वेळी जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा हवा होता आणि आमच्याकडे कागदच नव्हता. पंजोबा शाळेत गेले नव्हते, गावाबाहेर राहत होते. कुठल्या तीर्थाच्या वहीत आमचं नाव असायचं कारण नव्हतं. ज्या नाशकात काळाराम मंदिरात जाता यावं म्हणून २ मार्च १९३० पासून सत्याग्रह करावा लागला, तिथल्या घाटावर आमची नावं कोण लिहून घेणार होतं?

पण कागद निघाले. महार वतनाची जमीन होती, तिच्या तक्षिमा, म्हणजे वाटण्या लिहिलेल्या होत्या आणि त्यात चार पिढ्यांची नावं होती. जुन्या नावांच्या शेवटी ‘नाक’ असतं, ते बघून मुलीने विचारलं हे काय आहे. तिला मी भीमा कोरेगावच्या स्तंभावर कोरलेली तशीच नावं दाखवायला घेऊन गेलो. तिने बोट ठेवून एकेक वाचलं.

बाईच्या नावाचं म्हणाल तर पणजीचं नाव मला मिळालं ते पंजोबांच्या नोकरीच्या कागदांत. ते मुंबईत खलाशी म्हणून लागले होते. फंडाचे पैसे कुणाला द्यायचे तिथे बायकोचं नाव आणि ‘नातं : पत्नी’ असं लिहिलं होतं. सबंध कागदपत्रांत तिचं नाव तेवढ्या एकाच जागी. ज्यांचे आजोबा-पणजोबा गिरणीत, रेल्वेत, गोदीत, पालिकेत होते त्यांनी नोकरीचे कागद आणि फंडाचे अर्ज जरूर बघावेत.

आमच्या वस्तीतल्या कितीतरी घरांना एवढंही मिळत नाही. भटक्या जमातींच्या मित्रांचे हाल तर मी डोळ्यांनी पाहिले आहेत. ज्यांना गावाने कधी रात्रभर थांबू दिलं नाही, त्यांच्याकडे गावाचा १९६१ च्या आधीचा कागद मागतात. हे इथे नोंदवणं मला गरजेचं वाटलं.

---

गावनमुना | १८ जानेवारी

भीमाकाठ साहेब, अगदी खरं आहे. खालची वतनं रद्द करणारा कायदा १९५८ चा. त्याआधीची वतन रजिस्टरं ज्या तालुक्यांत शिल्लक आहेत तिथे अजून बरंच मिळू शकतं. कुणाला अर्ज कसा लिहायचा हे हवं असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी लिहून देईन.

---

मोका_माझं_गाव | २१ जानेवारी

नमस्कार. मी मॉरिशसमधून लिहितो. माझं मराठी चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचे पूर्वज रत्नागिरी आणि सावंतवाडीकडून करारावर ऊस तोडायला इथे आले. १८३४ पासून भारतातून माणसं येत होती, मराठी माणसं मुंबई बंदरातून चढली. पोर्ट लुईला उतरली त्या जागेला आज आप्रवासी घाट म्हणतात. त्यांची सगळी रजिस्टरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळून ठेवली आहेत. तुम्ही पूर्वजाचं नाव आणि अंदाजे वर्ष द्या, ते शोधून देतात.

मला एक गोष्ट सांगायची आहे. त्या रजिस्टरात प्रत्येक माणसाला एक नंबर आहे, आणि बाईला तिचा स्वतःचा नंबर आहे. नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव, जिल्हा. माझी खापरपणजी नवऱ्याच्या ओळीत नाही, तिची ओळ वेगळी आहे. ती मळ्यावर मजूर म्हणून मोजली गेली म्हणून तिचं नाव राहिलं. तिचा फोटोसुद्धा आहे, डोक्यावरून पदर आहे आणि ती सरळ कॅमेऱ्याकडे बघते आहे.

पण तिचं गाव आम्हाला ओळखता येत नाही. गोऱ्या कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं. आणि पुढच्या पिढीत बापाचं पहिलं नाव हेच आडनाव झालं, त्यामुळे कोकणातलं मूळ आडनाव गेलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावांची नावं जाणणारं इथे कुणी आहे का?

---

मांडवी | २२ जानेवारी

@मोका, स्पेलिंग व्यनि करा. माझं आजोळ राजापूर तालुक्यात आहे, वडील तिथली गावं वाडीनिशी सांगतात.

गोव्याचं थोडक्यात सांगते. ख्रिस्ती घराण्यांसाठी चर्चची बाप्तिस्म्याची आणि लग्नाची पुस्तकं, तिथे आईचं नाव असतं. हिंदू घराण्यांसाठी गावकारीचे, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचे कागद आणि पणजी शहरातलं पुराभिलेखागार. आणि कुलदेव विसरू नका. पोर्तुगीज काळात देव हलले तशी माणसं हलली. मंगेशीचा देव १५६० साली कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून प्रियोळला आला. आज कारवार-मंगळूरला असलेलं घर कुठला देव मानतं त्यावरून मूळ गाव कळतं.

---

देवनदी | ११ फेब्रुवारी

काल रेकॉर्ड रूममध्ये गेले होते. सविस्तर लिहिते.

लाल रुमालात बांधलेली दप्तरं. कर्मचारी बाईंनी गावाचा रुमाल सोडून दिला आणि नोंदी वाचायला नेमलेले मोडी वाचक माझ्याशेजारी बसले. कागदाच्या कडा हाताला लागल्या की भुगा पडायचा. मृत्यूच्या पानांवर एरवी सबंध वर्षाला एक-दीड पान लागायचं. १९१८ चा ऑक्टोबर आला आणि पानंच संपेनात. कारणाच्या रकान्यात एकाखाली एक ताप, ताप, ताप. एकाच घरातली तीन नावं एकाच दिवशी. मधेच एका तारखेपासून हस्ताक्षर बदललं आहे. वाचक म्हणाले, लिहिणाराच आजारी पडला असेल किंवा गेला असेल.

मग त्यांनी बोट थांबवलं आणि सावकाश वाचलं. ‘गोविंदा बिन सावळा याची बायको. वय २२. ताप.’

नाव नाही. पुरुषांची नावं आहेत, म्हाताऱ्या विधवांचीही काहींची आहेत. हिच्यापुढे फक्त ‘याची बायको’. मी त्यांना तीनदा वाचायला लावलं.

आणि दोन ओळी खाली, चार दिवसांनंतरच्या तारखेला : ‘गोविंदा बिन सावळा याची मुलगी. वय ४ महिने. ताप.’

आजोबांना बहीण होती. आमच्या घरात हे कुणालाही माहीत नव्हतं. आत्याला सांगितलं तर ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, “म्हणजे बाबा तिघांमधनं एकटा राहिला.”

फोटो काढायची परवानगी मिळाली नाही, नकलेसाठी अर्ज दिला आहे. आता यापुढे काही मार्ग आहे का?

---

बोरू | ११ फेब्रुवारी

वाचून गलबललो. त्या साथीत हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. घरातल्या आजाऱ्यांची उस्तवार त्यांच्याच गळ्यात आणि पोटाला सगळ्यांत शेवटी. १९१८ ची अशी पानं मी चार तालुक्यांत वाचली आहेत, सगळीकडे हेच दिसतं.

मार्ग आहे. त्यांच्या अस्थी कुठे नेल्या असतील?

---

गोदाघाट | १२ फेब्रुवारी

बोरूदादांच्या मनात आहे तेच लिहितो. तुमचं गाव नाशिक जिल्ह्यातलं, म्हणजे अस्थी रामकुंडावर येणार. पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळीच्या वह्या असतात, तशाच त्र्यंबकेश्वरला आणि पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यायांकडे. लांब जाणाऱ्यांच्या काशी, गया, हरिद्वारला. गावं वाटून घेतलेली असतात, त्यामुळे घाटावर आधी ‘अमुक तालुक्यातल्या अमुक गावचे उपाध्ये कोण’ एवढंच विचारा. मग ते गाव, आडनाव, जात विचारून वही काढतात.

जाताना काय न्यायचं : पुरुषांची नावं क्रमाने लिहून न्या, कारण वही त्यांच्याच नावाने लागते. सकाळी गर्दी असते, दुपारी तीननंतर जा. फोटो काढण्याआधी विचारा. दक्षिणा खुशीने द्या, त्या वह्या पिढ्यानपिढ्या पुरापाण्यातून त्या घरांनी वाचवल्या आहेत. आणि आपलीही नावं नव्याने लिहून या.

श्राद्धाच्या याद्याही बघा. महालयात आई, आजी, पणजी यांचाही नावाने उच्चार होतो, आईकडच्या तीन पिढ्यांचाही. कुणाच्या देवघरात, पोथीत घडी घातलेली तशी याद निघते. सवाष्ण गेलेल्या बाईची अविधवा नवमी करतात. तुमच्याकडे करायचे का?

---

देवनदी | १२ फेब्रुवारी

करायचे! आजी असेपर्यंत पितृपक्षात नवमीला एका सवाष्णीला जेवायला बोलावून खणनारळ द्यायचे. कुणासाठी ते आम्ही मुलींनी कधी विचारलं नाही. याद वगैरे काही नाही. नाशिकला जाते.

---

सोनसळी | १२ मार्च

आज बातमी वाचली आणि हा धागा आठवला. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचं नाव आधी, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहायचं, असा निर्णय काल मंत्रिमंडळाने घेतला. शंभर वर्षांनी जी पणती शोधायला बसेल तिला ‘याची बायको’ वाचावं लागणार नाही. देवनदीताई, पुढे काय झालं?

---

देवनदी | १७ मार्च

सापडली.

काल आत्याच्या मुलाला घेऊन रामकुंडावर गेले. गावचे उपाध्ये शोधायलाच तास गेला, मग त्यांच्या घरी, पहिल्या मजल्यावर. गुरुजींनी लांबट वही काढली. मी सांगितलेलं आडनाव तीन पानांवर होतं. पहिल्या दोन्हींत सावळा नव्हता. तिसऱ्या पानाचा खालचा कोपरा फाटलेला आहे. गुरुजींना मोडी वाचता येतं, त्यांनी वाचलं आणि मी लिहून घेतलं :

‘शके १८४० पौष वद्य ५. गोविंदा बिन सावळा. पुत्र नामा. स्त्री ठकू मयत, अस्थी घेऊन आले. समागमे मेहुणा तुका बिन लक्षुमण, मौजे पिंपळगांव’

इथे कागद फाटला आहे. बाजूला अंगठ्याचे दोन ठसे आहेत, एक पणजोबांचा आणि एक तिच्या भावाचा. शाई फिकी तपकिरी झाली आहे पण रेषा मोजता येतील इतक्या स्वच्छ आहेत. गुरुजींच्या परवानगीने फोटो काढला, सोबत जोडते आहे. बोरूदादा, एकदा तुम्हीही बघा.

तिथूनच आत्याला फोन लावला. ‘ठकू’ म्हटल्यावर ती म्हणाली, “अगं, ठकू तर माझ्या आधीची! बाबाची पहिली पोरगी. दोन वर्षांची होऊन गेली. बाबा तिला कडेवरून खाली ठेवायचा नाही, असं आई सांगायची.”

आजोबांना नाव माहीत होतं. त्यांनी ते पहिल्या मुलीला दिलं होतं.

गुरुजींनी आमची आत्ताची नावं विचारली. मी बायकांची नावं पण लिहून नेली होती, आजीपासून माझ्या भाचीपर्यंत. त्यांनी सगळी लिहून घेतली, आता देवनागरीत. ठकूच्या पुढे तिच्या चार महिन्यांच्या मुलीसाठी काय लिहायचं ते मात्र आम्हाला कळेना. नाव ठेवलं असेल, पण आता ते कुठून मिळणार? गुरुजींनी ‘कन्या’ लिहिलं.

---

बोरू | १७ मार्च

फोटो मोठा करून पाहिला. ‘ठकू’ निःसंशय. मोडीत उकार एकच, म्हणून ठकु म्हणा की ठकू, नाव तेच. पौष वद्य म्हणजे १९१९ चा जानेवारी, कोतवाल बुकाशी महिने जुळतात. ‘पिंपळगांव’च्या पुढे आणखी एक शब्द सुरू होतो आहे, पण त्याच्या पहिल्या अक्षराची नुसती वरची रेघ शिल्लक आहे.

---

गावनमुना | १७ मार्च

ताई, अभिनंदन. आता माहेर. नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव एक नाही. पिंपळगाव बसवंत, पिंपळगाव निपाणी, पिंपळगाव बहुला, पिंपळगाव खांब ही मला तोंडपाठ आहेत, आणखीही आहेत. पुढे शब्द आहे म्हणजे यांतलंच एखादं. तुका बिन लक्षुमण याच्या नावावर जमीन असेल तर त्या गावच्या पहिल्या हक्कनोंदीत तो सापडेल. ठकूबाईंचं वय २२ म्हणजे जन्म १८९६ च्या आसपास, तेव्हा त्याच गावाच्या कोतवाल बुकात ‘लक्षुमण याची मुलगी’ शोधायची. एकेक गाव घेऊ. अर्ज मी लिहून देतो.

---

भीमाकाठ | १७ मार्च

ताई, आज घरी मुलीला हा धागा पहिल्यापासून वाचून दाखवला.

---

सोनसळी | १८ मार्च

माझं आजोळ पिंपळगाव निपाणीचं. आजी ९१ वर्षांची आहे, गावातली घरं तिला भावकीसकट पाठ आहेत. तुका, लक्षुमण ही नावं तर घरोघरी असतील, पण मुलगी तुमच्या गावाला दिली होती आणि ती मानमोडीत गेली, एवढं कुणाच्या ना कुणाच्या कानावर असेल. ठकूबाईंच्या सासरचं आडनाव व्यनि करा. रविवारी मी तिकडे जातेच आहे.

---

देवनदी | १८ मार्च

व्यनि केला आहे. आजींना एवढं जरूर सांगा, तिच्या अस्थी न्यायला तिचा भाऊ बरोबर आला होता.